कोकिळाचा सल्ला घेऊ नका

पक्षी खातात ते फळ माणसालाही चालतं, असा समज डोंगर भटकणाऱ्यांत चांगलाच रुजलेला आहे. कोकीळ बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची फळं खुशाल खातो. त्याच फळाच्या बियांतली द्रव्यं माणसाच्या हृदयपेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात. ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो.

दुसरा समज असा, की पांढरा चीक निघाला तर त्या झाडाच्या वाटेला जाऊ नये. हा पाळला तर अख्खा सह्याद्री पालथा घालूनही करवंदाला मुकावं लागेल. करवंदाचं पान खुडा, हिरवं फळ तोडा, दुधासारखा चीक ओघळतो. ओघळणारच, कारण करवंद कण्हेरीच्याच कुळातलं. कुडा, चाफा, सातवीण हे त्याचे भाऊबंद. त्यामुळे पक्ष्यावरून किंवा चिकावरून फळाची परीक्षा होत नाही. झाड ओळखावं लागतं, आणि तेही आधी फळ सोडून.

करवंदाची जाळी ओळखायला सोपी. पानं जाड, चकचकीत, समोरासमोर. काटे जोडीजोडीनं, बरेचदा टोकाशी दुभंगलेले. बिट्टीचं पान लांबट, अरुंद आणि काटा औषधालाही नाही. बिट्टीचं फळही पिकल्यावर काळपट होतं, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळी पांढऱ्या, सुवासिक फुलांनी भरते. मग फळ हिरवं, तांबूस आणि एप्रिल-मेमध्ये काळं. बी तयार होईपर्यंत कुणी तोंड लावू नये, याचा बंदोबस्त हिरव्या फळात आहे: चीक, तुरटपणा, दात आंबवणारी आम्लं. बी तयार झालं की हरितद्रव्य मोडतं, अँथोसायनिन साचतं, साखर वाढते. आता झाडाला गिऱ्हाईक हवं असतं. बुलबुल फळ गिळतो आणि बी दुसरीकडे टाकतो. आपण त्या व्यवहारात आगंतुकच. हिरवं करवंदही वाया जात नाही म्हणा, लोणच्याला तेच लागतं. त्यात पेक्टिनही भरपूर, म्हणून जेलीत थोडी अर्धकच्ची फळं टाकली की ती छान धरते.

फळ फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळणारी पोरं खरं तर रंगद्रव्यच तपासत असतात. ते गरातही उतरलेलं असलं तर लाल कोंबडा, सालीपाशीच थांबलेलं असलं तर पांढुरकी कोंबडी.

वाटेवरच्या घाणेरीबद्दल मात्र जपून. तिची काळी फळं खाल्ल्याच्या आठवणी अनेकांच्या असतील, पण हिरवी विषारी आहेत आणि पाला खाऊन गुरांचं यकृत बिघडतं. काळ्या-हिरव्या फळांचा घोस एकत्रच असतो, तेव्हा पोरांच्या हाती तो न दिलेला बरा.

करवंद तोडताना हलक्या हातानं सुटेल तेवढंच घ्यावं. ओढावं लागलं तर ते अजून चिकाळ आहे, ओठ चिकटतील. गावालगतच्या जाळ्या तर सोडूनच द्याव्यात. घाटात पानांच्या द्रोणातून करवंदं विकणाऱ्या बायका भल्या पहाटे त्याच जाळ्यांत हात ओरबाडून घेत असतात, आणि त्यांचा हंगाम जेमतेम पावसापर्यंतचा. पहिल्या सरी पडल्या की फळ पाणचट होतं, किडतं, आणि गिऱ्हाईक जांभळांकडे वळतं.