पंधरा मीटरचा कॅमेरा, हातभर अंतरावरचा फोटो

दिवाळी उलटली की मालवण-तारकर्लीच्या बाजूला पाणी निवळायला लागतं आणि स्नॉर्केलिंगला निघालेल्या मंडळींचा ठरलेला प्रश्न येतो : कुठला कॅमेरा जास्त खोल जातो? प्रश्न साहजिक आहे, कारण खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा तोच असतो. पण पाण्याखाली फोटो कसा येईल, हे त्या आकड्यावरून जवळपास काहीच कळत नाही. ते ठरतं कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये किती पाणी आहे यावर. एवढं लक्षात ठेवलं, तरी या छोट्या कॅमेऱ्यांबद्दलचे निम्मे गैरसमज गळून पडतात.

‘जास्त मीटर, तितका चांगला कॅमेरा’

आधी आकडेच पाहू. ऑलिम्पसचा टफ टीजी-६ (२०१९) आणि त्याच घराण्यातला, आता ओएम सिस्टीम या नावाने मिळणारा टीजी-७ (२०२३), हे दोन्ही १५ मीटरपर्यंत चालतात. रिकोचा डब्ल्यूजी-६ २० मीटर, फुजीफिल्मचा एक्सपी१४० २५ मीटर, निकॉनचा कूलपिक्स डब्ल्यू३०० ३० मीटर आणि पॅनासॉनिकचा लुमिक्स एफटी७ ३१ मीटर. या यादीत टीजी तळाला आहे. तरीही पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त तोच दिसतो. त्याचं भिंग २५ मिमीच्या टोकाला एफ/२ इतकं उघडतं, तो रॉ फाइल देतो, उथळ, मध्यम आणि खोल पाण्यासाठी त्यात वेगवेगळे व्हाइट बॅलन्स आहेत, आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये तो भिंगापासून एक सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस करतो. नखाएवढी समुद्री गोगलगाय चौकट भरून टिपायची असेल, तर हा एक सेंटिमीटर त्या तीस मीटरपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा आहे.

शिवाय आपण जातो तरी किती खोल? प्रशिक्षण न घेतलेल्या पर्यटकाला पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या नियमाप्रमाणे १२ मीटरपलीकडे नेता येत नाही. ओपन वॉटर प्रमाणपत्र मिळवलेल्याची शिफारस केलेली मर्यादा १८ मीटर. म्हणजे हौशी पर्यटकाला १५ मीटरचा कॅमेरा पुरतो. प्रमाणपत्रवाल्याला मात्र टीजी नुसता पुरत नाही. त्याने टीजीचं ४५ मीटरपर्यंत चालणारं हाउसिंग घ्यावं किंवा जास्त खोलीचा कॅमेरा पाहावा.

‘पाणी शिरतं ते खोल गेल्यावर’

समुद्रात दर दहा मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. पंधरा मीटरवर हा जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दीड किलो होतो. बॅटरीचं झाकण तीन बाय चार सेंटिमीटरचं धरलं, तर त्याच्यावर जवळपास अठरा किलोंचा भार येतो. ऐकायला भीती वाटते, पण हा भार झाकण बाहेर उचकटत नाही, आत दाबतो. झाकणामागची रबरी रिंग स्वच्छ असेल, तर ती त्या दाबाने उलट आणखी घट्ट बसते. धोका असतो तो पहिल्या अर्ध्या-एक मीटरात, जिथे रिंग अजून सैलसर असते. तिच्यावर आडवा पडलेला एखादा केस किंवा वाळूचा कण पाण्याला वाट करून द्यायला पुरेसा आहे. त्यासाठी गुडघाभर पाणीसुद्धा चालतं.

म्हणून होडीत बसण्याआधी, खोलीवर, कोरड्या हातांनी एक काम करायचं. झाकण उघडा, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा आणि रिंगेवरून नजर पूर्ण गोल फिरवा. समोरून प्रकाश टाकला तर केस दिसत नाही. तिरप्या प्रकाशात त्याची सावली पडते आणि तो लगेच उठून दिसतो. रिंग ज्या कडेवर टेकते ती कडाही तशीच पाहा, कारण रिंग स्वच्छ आणि कड मळकट, असं बऱ्याचदा असतं. धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने पुसा. कापूस किंवा टिश्यू नको, त्यांचे तंतू मागे राहतात. झाकण लावलं की दुसरा खटकाही बसला आहे ना ते बघा आणि पाण्यातून पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याला हात लावू नका. होडीवर ओल्या बोटांनी बॅटरी बदलणं हाच कॅमेरा गमावायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

रबर कालांतराने कडक होतं. ऑलिम्पससारखे उत्पादक ही सीलं वर्षातून एकदा बदलून घ्यायला सांगतात. धक्का सोसण्याची ताकद आणि पाणी अडवण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवा. टीजी २.१ मीटरवरून पडला तरी चालू राहील असा बनवलेला आहे, पण खडकावर आपटलेला कॅमेरा त्यानंतरही पाणी अडवेलच, याची हमी कुणी देत नाही. अशा कॅमेऱ्याचं सील आधी तपासून घ्या, मगच तो पाण्यात न्या.

पोहताना हात हलवल्याने दाब भयंकर वाढतो, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते अतिरंजित आहे. सेकंदाला दोन मीटर वेगाने हात मारला, तरी त्याने पडणारा जादा दाब वीस सेंटिमीटर खोलीइतका असतो. उडी मारणं ही गोष्ट वेगळी. तीन मीटरवरून उडी घेतली तर नुसत्या वेगाचा दाब तीन मीटर खोलीइतका होतो, आणि आदळण्याच्या क्षणी तो त्याहूनही वर जातो. कॅमेरा कुणाच्या तरी हाती द्या, उडी मारा, मग घ्या.

‘काचेवर धुकं आलं, म्हणजे पाणी शिरलं’

बहुतेक वेळा नाही. दमट किनाऱ्यावर झाकण उघडून बंद केलं, की तीच दमट हवा आत कोंडली जाते. हवा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल, तर साधारण २६ अंशांना तिच्यातली वाफ दवासारखी जमायला लागते. कॅमेरा त्याहून गार पाण्यात गेला, की भिंगाच्या काचेवर आतून धुकं येतं. उपाय सोपा आहे. बॅटरी आणि कार्ड एसी खोलीतल्या कोरड्या हवेत बसवायचं आणि होडीत कॅमेरा उन्हात तापू द्यायचा नाही. कोरड्या जागी धुकं विरून गेलं, तर काळजी नको. थेंब दिसले किंवा झाकणाच्या आत मिठाची पांढरी कड आढळली, तर मात्र ताबडतोब बॅटरी काढा.

‘फोन आयपी६८ आहे, मग वेगळा कॅमेरा कशाला?’

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. आयपीमधला शेवटचा आठ इतकंच सांगतो की एक मीटरपेक्षा कडक अशा, उत्पादकाने स्वतः ठरवलेल्या अटींवर चाचणी झाली. त्या अटी कंपनीगणिक बदलतात. आयफोन १२ पासूनच्या मुख्य मालिकेसाठी ॲपल सहा मीटर, तीस मिनिटं असं सांगते, सॅमसंग आपल्या अनेक फोनसाठी दीड मीटर, तीस मिनिटं. या चाचण्या स्थिर, गोड्या पाण्यातल्या. समुद्रकिनारा आणि तरणतलाव यांसाठी फोन वापरू नये, असं सॅमसंगने बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि पाण्याने झालेलं नुकसान ॲपलच्या नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. फोनमधली ती सोय अपघातासाठी आहे : पाऊस, सांडलेला चहा, हातातून निसटून बादलीत पडणं. शिवाय टचस्क्रीन पाण्याखाली भलतंच काहीतरी समजतो. खऱ्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्याला दाबायची बटणं असतात, तीही ओल्या बोटांना सापडतील अशी.

‘पाण्यातले रंग मागाहून दुरुस्त करता येतात’

इथे जरा थांबायला हवं, कारण फोटो फसतात ते मुख्यतः इथेच. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषून घेतं. पहिल्या पाच मीटरांतच लाल रंगाचा मोठा हिस्सा संपतो, त्यापाठोपाठ नारिंगी आणि पिवळा विरळ होत जातो, आणि उरतो हिरवा-निळा. पंधरा मीटरवर लाल रंगाचा मासा राखाडी, काळपट दिसतो. खरचटलेल्या बोटाचं रक्तही हिरवट भासतं.

आता हे पाच मीटर फक्त उभे मोजायचे नसतात, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रकाश पृष्ठभागापासून माशापर्यंत जातो आणि माशापासून कॅमेऱ्यापर्यंत येतो. त्या सगळ्या वाटेवर पाणी लाल रंग खातच असतं. मासा चार मीटर खोल आणि तुम्ही त्याच्यापासून तीन मीटर दूर असाल, तर रंगांच्या हिशेबात तुम्ही सात मीटर पाण्यातून बघताय. व्हाइट बॅलन्स किंवा संगणकावरचं सॉफ्टवेअर उरलासुरला लाल वाढवून देऊ शकतं. पण जो प्रकाश सेन्सरवर पोचलाच नाही, तो वाढवता येत नाही. ओढून-ताणून वाढवला, तर सावल्यांमध्ये लालसर रवाळ कण तेवढे उमटतात. लाल फिल्टरचंही तेच. तो लाल रंग आणत नाही, निळा-हिरवा कमी करतो, त्यामुळे एकूण उजेडही घटतो. भर दुपारी, उन्हात, मध्यम खोलीवर व्हिडिओसाठी तो चांगला. फ्लॅशबरोबर लावला, तर सगळंच तांबडं होतं.

‘अंधार आहे, मग फ्लॅश मारा’

लाल परत आणायचा खरा मार्ग म्हणजे सोबत पांढरा प्रकाश नेणं. पण तिथेही अंतराचाच हिशेब लागतो. मासा अर्ध्या मीटरवर असेल, तर फ्लॅशचा प्रकाश जाऊन-येऊन एक मीटर पाण्यातून प्रवास करतो आणि रंग बऱ्यापैकी शाबूत राहतात. मासा दोन मीटरवर असेल, तर ती वाट चार मीटरची होते आणि लाल पुन्हा गायब. त्यातून कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश भिंगाला चिकटून असतो. समोरच्या पाण्यात तरंगणारे गाळाचे आणि प्लवकांचे कण त्याने उजळतात, आणि फोटोत रात्रीच्या रस्त्यावर हेडलाइटमध्ये भुरभुरणाऱ्या पावसासारखे पांढरे ठिपके येतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर नद्यांचा गाळ असल्याने हा त्रास लक्षद्वीप किंवा अंदमानपेक्षा जास्त जाणवतो. म्हणून दूरच्या दृश्याला फ्लॅश बंद ठेवा, सूर्य पाठीशी घ्या. जवळच्या गोष्टीसाठी प्रकाश बाजूने येईल असा टॉर्च सोबतच्या व्यक्तीला धरायला सांगा.

झूमचंही याच न्यायाने पाहायचं. पाण्याखाली झूम केल्याने मासा जवळ येतो, पण मधलं गढूळ पाणी तसंच राहतं. त्यातून सपाट काचेमागच्या भिंगाचा आवाका पाण्यात आपोआप आखडतो. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्यामुळे २५ मिमीचं भिंग साधारण ३३ मिमीसारखं वागतं. म्हणून सगळ्यात रुंद टोकावर ठेवा आणि हात पुढे करा, किंवा हळू जवळ जा. जवळ जाताना पाय कुठे आहेत ते मात्र बघा. फिन्सच्या एका फटक्याने प्रवाळाची फांदी तुटते आणि ती पुन्हा वाढायला वर्षं लागतात. प्रवाळखडक घडवणाऱ्या प्रवाळांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. जो फोटो प्रवाळावर उभं राहिल्याशिवाय मिळत नाही, तो सोडून द्यावा.

मेगापिक्सेल

यावर फार शब्द खर्चायला नकोत. ऑलिम्पसच्या टीजी-४ मध्ये १६ मेगापिक्सेल होते. २०१७ च्या टीजी-५ मध्ये कंपनीने ते जाणूनबुजून १२ वर आणले आणि कमी उजेडातला फोटो सुधारला. नखाएवढ्या सेन्सरवर आकडा वाढवून काही हाती लागत नाही.

‘पाण्यात चालतो, म्हणजे रोजच्यालाही तोच’

रोजच्या वापरात कुठे, हे विचारायला हवं. यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर १/२.३ इंची गटातला, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा. आजच्या महागड्या फोनचा मुख्य सेन्सर याच्या दुपटीहून मोठा असतो. लग्नघरातला संध्याकाळचा फोटो, मुलांचा वाढदिवस, दिव्यांची आरास यांसाठी फोनच सरस आहे, हे मान्य करावं. वॉटरप्रूफ कॅमेऱ्याची खरी जागा फोन बाहेर काढायला जीव धजत नाही तिथे आहे : आषाढातला सह्याद्रीचा ट्रेक, ओढा ओलांडताना, पोरांच्या हाती द्यायला, भातलावणीच्या चिखलात, रंगपंचमीला. रंगाचा एक धोका तेवढा सांगतो. कोरडा गुलाल वाळूपेक्षा बारीक असतो. खेळ संपल्यावर कॅमेरा बाहेरून पूर्ण धुऊन-पुसून झाल्याशिवाय झाकण उघडू नका. आणि किडे, फुलं, दवबिंदू, दागिन्यांची कलाकुसर यांच्यासाठी टीजीचा मायक्रोस्कोप मोड घरीही वर्षभर कामी येतो.

ॲक्शन कॅमेरा याला पर्याय होईल का? हलत्या व्हिडिओसाठी बेशक होतो. गोप्रो हीरो ब्लॅक उघडाच १० मीटर जातो, डीजेआय ॲक्शन ५ प्रो २० मीटर. पण त्यांचा फोकस नेहमीच्या भिंगासह स्थिर असतो. साधारण फूटभराच्या आतलं सगळं धूसर येतं, आणि फ्लॅशही नसतो. मासे आणि माणसं यांचा व्हिडिओ हवा असेल तर ॲक्शन कॅमेरा घ्या, बारीक जीव टिपायचे असतील तर टीजीसारखा. झाकणाच्या काळजीतूनच सुटायचं असेल, तर सीलाइफच्या मायक्रो ३.० ला उघडायचं दारच नाही. ६४ जीबी आत आणि ६० मीटरपर्यंत. मात्र त्यात बॅटरी किंवा कार्ड बदलता येत नाही.

निकॉन, पॅनासॉनिक आणि फुजीफिल्मचे वर सांगितलेले कॅमेरे आता बहुतेक सेकंडहँड बाजारातच भेटतात. घेताना शटर किती वेळा दाबलं हे विचारण्याआधी झाकण उघडून बघा. रिंगेला बारीक चिरा, बिजागरीत अडकलेलं मीठ, बॅटरीच्या टोकांवर हिरवट डाग, यांपैकी काहीही दिसलं, तर तो कॅमेरा फक्त पावसापुरताच समजा आणि किंमतही तेवढीच द्या. सगळं ठीक दिसलं तरी घरी आणून बॅटरी आणि कार्ड काढा, आत टिश्यूची घडी ठेवा, झाकण लावा आणि तासभर गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. बाहेर काढल्यावर आधी पूर्ण पुसा, मग झाकण खाली धरून उघडा आणि घडी बोटांनी चाचपून बघा. ती ओलसर लागली तर सील गेलं.