अपमान गिळल्यावर

पोट रिकामं झालं की जठरातून रक्तात एक संप्रेरक उतरतं आणि मेंदूला सांगतं, खायला बघ. हे घ्रेलिन. 1999 साली जपानमध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी ते शोधलं. अवघ्या 28 अमिनो आम्लांची साखळी, पण मोठी नखरेल! तिच्या तिसऱ्या कडीला आठ कार्बनचं मेदाम्ल (खोबरेल तेलातही असतं ते) जोडलेलं नसेल, तर मेंदूतला ग्राही (तिचा निरोप स्वीकारणारा रेणू) तिला दारातही उभं करत नाही.

इतकी वर्षं भुकेचा निरोप्या म्हणून ओळखल्या गेलेल्या या रेणूचं दुसरं रूप 2008 साली अमेरिकेतल्या डॅलसच्या प्रयोगशाळेत दिसलं. प्रयोग क्रूर होता. एका लहान काळ्या उंदराला रोज काही मिनिटं धिप्पाड, भांडकुदळ उंदराच्या पिंजऱ्यात सोडायचं. तो याला यथेच्छ बदडून काढतो. मग मध्ये भोकांची पारदर्शक भिंत सरकवायची. आता मार बसत नाही; पण बदडणारा दिवसभर समोर दिसतो, त्याचा वासही येत राहतो. दुसऱ्या दिवशी नवा दादा. असे दहा दिवस. शेवटी हा उंदीर इतका खचतो, की अनोळखी उंदीर जाळीत बंद असला तरी कोपरा सोडून त्याच्याजवळ जात नाही.

या उंदरांच्या रक्तात घ्रेलिन वाढलेलं होतं, आणि मारहाण थांबल्यावरही ते बराच काळ चढंच राहिलं. हेच का खचण्याला दोषी? संशोधकांनी मग घ्रेलिनचा ग्राहीच नसलेले उंदीर घेतले. ते तर जास्तच खचले! घ्रेलिन दोषी नव्हतं, ते सावरून धरत होतं. मला यातलं सगळ्यात थक्क करणारं वाटतं ते हे, की बेइज्जतीची दखल जठरानेही घ्यावी आणि तिथून मेंदूला मदत धाडावी.

मदत फुकट मात्र नाही. साधे उंदीर या छळानंतर जास्त खाऊ लागले, ग्राही नसलेले नाही. 2011 मध्ये त्याच गटाने दाखवलं, की छळलेल्या उंदरांची तुपकट खाण्याची ओढही घ्रेलिनमुळेच वाढते. साहेबांची बोलणी खाऊन आलेल्या माणसाचा हात फरसाणाच्या डब्याकडे का जातो, याचा धागा कदाचित इथे असेल.

कदाचितच, कारण गोष्ट सरळ नाही. बॉस्टनजवळच्या एमआयटीतल्या उंदरांमध्ये दीर्घ ताणानंतर वाढलेल्या घ्रेलिनने भीती आणखी घट्ट रुजवली. तो ताण वेगळा होता, बांधून ठेवण्याचा. माणसांवरच्या चाचण्यांचे निकालही एकमेकांशी जुळत नाहीत.

तेव्हा पोट रिकामं ठेवून घ्रेलिन वाढवा असं सांगत निराशेवरचा उतारा म्हणून कोणी उपवास विकायला आलं, तर पाकीट खिशातच ठेवा.