पलंगाखालचा रेसट्रॅक

गाडी पळवायला अक्कल लागत नाही. कंट्रोलर दाबला की ती पळते. अक्कल लागते ती बोट उचलायला! सरळ रस्ता संपायच्या नेमकं किती आधी उचलायचं, वळणाच्या मध्यावर पुन्हा किती हलकेच दाबायचं... हे जमलं तर गाडी शेपूट जराशी झटकून वळणातून सुसाट बाहेर पडते. नाही जमलं तर सोफ्याखाली जाते. स्लॉट कार रेसिंग म्हणतात ते हेच.

रिमोटची गाडी वेगळी आणि ही वेगळी, बरं का. इथे स्टिअरिंग नसतं. ट्रॅकवर प्रत्येक लेनमध्ये एक खाच असते, तोच 'स्लॉट'. गाडीच्या नाकाखालचं छोटं पातं त्या खाचेत बसतं आणि गाडीला दिशा देतं. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. त्यांतला करंट गाडीखालच्या, तांब्याच्या बारीक तारांच्या दोन वेण्यांमधून मोटरपर्यंत पोचतो. घरगुती सेटमध्ये तो बहुधा १२ ते १८ व्होल्टचा, म्हणजे झटक्याची भीती नाही. तुमच्या हातात राहते एकच गोष्ट : वेग. "मग यात मजा काय?" असं विचारणाऱ्याच्या हातात कंट्रोलर द्यावा आणि पाच मिनिटं गप्प बसावं.

या खेळाचं माहेर इंग्लंड. फ्रेड फ्रान्सिस यांची 'मिनिमॉडेल्स' ही कंपनी १९५२ पासून 'स्केलेक्स' नावाच्या चावीच्या गाड्या बनवायची. चावीची नवलाई ओसरू लागली तशी त्यांनी गाडीत इलेक्ट्रिक मोटर बसवली आणि नावही तसंच जोडून टाकलं : 'स्केलेक्सट्रिक'. १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणतो ना, तसं ब्रिटनमध्ये कुठल्याही स्लॉट कारला आजही स्केलेक्सट्रिक म्हणतात. अमेरिकेत १९६० मध्ये 'ऑरोरा'ने छोट्या गाड्या आणल्या, जर्मनीत १९६३ मध्ये 'कॅरेरा' आली. साठच्या दशकात अमेरिकेत तर गावोगावी भाड्याने ट्रॅक देणारी दुकानं निघाली होती. दशक संपेपर्यंत त्यांतली बहुतेक बंदही पडली. खेळ मात्र टिकला. २००९ मध्ये टीव्हीवाल्या जेम्स मे यांनी ब्रूकलँड्सच्या जुन्या रेसट्रॅकच्या मार्गावर तब्बल पावणेपाच किलोमीटरचा स्केलेक्सट्रिक ट्रॅक टाकला होता! आपला प्रश्न त्याच्या बरोबर उलटा आहे. टू बीएचकेच्या हॉलमध्ये काय मावेल?

आधी फरशी मोजा

स्केल म्हणजे खरी गाडी किती पटीने लहान केली, तो आकडा. समजा, तुमची स्विफ्ट आहे. साधारण ३.८६ मीटर लांब. १:२४ मध्ये ती १६ सेंटिमीटरची होईल, १:३२ मध्ये १२ ची, १:४३ मध्ये ९ ची आणि १:६४ च्या आसपास ६ ची. या शेवटच्या चिटुकल्या गाड्यांना 'एचओ' म्हणतात. हे नाव मॉडेल रेल्वेकडून उसनं घेतलेलं. रेल्वेतलं एचओ म्हणजे १:८७, स्लॉट गाड्या मात्र त्याहून थोड्या मोठ्या. नावाच्या भानगडीत पडू नका, गाडीची लांबी बघा.

आता होतं काय, की माणूस दुकानात किंवा साइटवर गाडी बघतो आणि सगळ्यात मोठीच्या, सगळ्यात देखणीच्या प्रेमात पडतो. माझा एक मित्र दोन वर्षं जर्मनीत होता. येताना १:२४ चा दणदणीत सेट घेऊन आला. गाड्या अशा, की डॅशबोर्डवरचे काटेसुद्धा दिसावेत! पुण्यातल्या त्याच्या हॉलमध्ये तो ट्रॅक मांडायचा तर डायनिंग टेबल पॅसेजमध्ये जातं, टीपॉय गॅलरीत जातं आणि बायको माहेरी जाण्याच्या गोष्टी करते. रविवारी मांडलेला ट्रॅक सोमवारी सकाळी कामाच्या मावशी यायच्या आत उचलायचा. असं तीनदा झालं. चौथ्यांदा खोकं माळ्यावर गेलं, ते अजून तिथंच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की स्केल गाडीवरून ठरवूच नये. दोन प्रश्नांवरून ठरवावं. ट्रॅक कायम मांडलेला राहणार, की रोज उचलावा लागणार? आणि तुमच्यासोबत नेमाने खेळणारं दुसरं माणूस कोण? स्लॉट कार एकट्याने पळवता येते, पण एकट्याने ती दुसऱ्या महिन्यात कंटाळवाणी होते.

१:२४ ला खरी शोभा येते क्लबमध्ये. युरोप-अमेरिकेतल्या क्लबांत आठ-आठ लेनचे लाकडी ट्रॅक असतात. तिथली पद्धत मला फार आवडते. प्रत्येकाने ठरावीक वेळ प्रत्येक लेनवर गाडी चालवायची आणि सगळ्या फेऱ्यांची बेरीज करायची, म्हणजे लेन चांगली-वाईट मिळाल्याची कुरकुर नको. आणि आपली पाळी नसेल तेव्हा वळणावर मार्शल म्हणून उभं राहायचं, दुसऱ्यांच्या उडालेल्या गाड्या उचलून पुन्हा खाचेत ठेवायच्या. ज्याने आत्ताच तुम्हाला हरवलं त्याचीसुद्धा! ऑनसाइट म्हणून लंडन, म्युनिक किंवा न्यू जर्सीला गेलात तर एखादी संध्याकाळ अशा क्लबात जरूर घालवा. १:२४ ची हौस तिथे भागवा. घरी आणू नका.

घरासाठी सगळ्यात जास्त चालतं ते १:३२. स्केलेक्सट्रिकचं हे मुख्य स्केल, कॅरेराचंही मोठं दालन याच स्केलचं. जुन्या फॉर्म्युला वनपासून ल मान्सच्या गाड्यांपर्यंत निवडीला तोटा नाही, आणि जुन्या गाड्यांना गिऱ्हाईकही मिळतं. स्केलेक्सट्रिकचा सरळ तुकडा ३५ सेंटिमीटर लांब आणि साडेपंधरा रुंद. त्यांच्या नेहमीच्या वळणाने गाडी उलट फिरवायला पाऊण मीटर रुंदी लागते. म्हणजे सात फूट बाय अडीच फुटांत साधा लंबगोल बसतो. पण साधा लंबगोल आठवड्यात पाठ होतो, शिवाय त्यात आतली लेन आखूड पडते. इंग्रजी आठसारखा, स्वतःलाच ओलांडणारा ट्रॅक टाका. दोन्ही गाड्या आतून-बाहेरून फिरतात, अंतर सारखं होतं आणि भांडणं कमी!

एक गोष्ट मात्र खरेदीआधीच पक्की करा. या कंपनीचा ट्रॅक त्या कंपनीच्या ट्रॅकला सरळ जोडता येत नाही. कॅरेराचा ट्रॅक जवळजवळ २० सेंटिमीटर रुंद आहे. त्याच ट्रॅकवर त्यांच्या १:३२ आणि १:२४ अशा दोन्ही गाड्या धावतात, हा त्याचा फायदा. पण तो जागाही जास्त खातो. ज्या कंपनीचा पहिला सेट घ्याल, तिच्याशी तुमचं लग्न लागलं म्हणून समजा.

मग वन बीएचकेवाल्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी एचओ. हे दीड-पावणेदोन फुटांत मागे वळतं. अमेरिकेत या मंडळींचा लाडका आकार म्हणजे आठ बाय चारचा प्लाय. आपल्या सुताराकडे मिळतो तोच! मधोमध कापून दोन चार बाय चार तुकडे करायचे, ट्रॅक त्यांवर कायमचा बसवायचा आणि खेळ झाला की दोन्ही तुकडे पलंगाखाली. (बॉक्स बेड असेल तर विषयच संपला.) एचओ गाड्या डोळ्यांना सगळ्यात वेगवान वाटतात. इतक्या, की पहिले काही दिवस गाडी कुठे उडाली ते शोधण्यातच जातात. देखणेपणात मात्र त्या मार खातात. नंबर प्लेट, आरसे, ड्रायव्हरचा चेहरा असले लाड इथे नाहीत.

१:४३ ला लोक 'मुलांचं' म्हणून नाक मुरडतात. कॅरेराची 'गो' मालिका या स्केलची आहे आणि खोक्यावरची चित्रंही पोरांनाच भुलवणारी असतात. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्या, दर अकरा महिन्यांनी सामान बांधणाऱ्या माणसाला मी तेच सुचवीन. सेट स्वस्त, ट्रॅक अरुंद, दहा मिनिटांत मांडून होतो आणि दहा मिनिटांत खोक्यात जातो. जो खेळ दहा मिनिटांत मांडता येतो तो बुधवारी रात्री जेवणानंतरही खेळला जातो. ज्याला दीड तास लागतो त्याला रविवारची वाट बघावी लागते, आणि रविवारी कुणाचं तरी लग्न असतंच.

चुंबक ठेवायचं की काढायचं?

आजच्या बहुतेक घरगुती गाड्यांच्या पोटाखाली चुंबक असतं. ते ट्रॅकच्या पट्ट्यांना ओढून धरतं, त्यामुळे वळणावर गाडी चिकटून जाते. नवख्यासाठी हे वरदान! पण चुंबकवाली गाडी इशारा देत नाही. चिकटलेली असते तोवर असते, सुटली की थेट भिंतीवर. चुंबक काढलं की वेग उतरतो, गाडी वळणावर मागून घसरायला लागते आणि ती घसरण बोटाला कळते. खरी ड्रायव्हिंग इथे सुरू होते, असं मुरलेले लोक सांगतात, आणि मला ते पटतं. महिना-दोन महिने चुंबकासकट खेळा, मग एका शनिवारी दोन्ही गाड्यांची चुंबकं काढून बघा.

दोन्ही गाड्यांची, हे महत्त्वाचं. पहिल्या दोन गाड्या शक्यतो एकाच जातीच्या घ्या, रंग फक्त वेगळे. स्वतःला तेज गाडी आणि बायकोला, भावाला, रूममेटला सेटमधली मरतुकडी गाडी दिलीत तर तुम्ही सगळ्या रेस जिंकाल आणि महिनाभरात खेळायला कुणी उरणार नाही. डिजिटल सेटमध्ये एकाच लेनवर अनेक गाड्या धावतात, लेन बदलता येते, ओव्हरटेक करता येतं. भन्नाट प्रकार आहे! पण चौघं-पाचजणांचा कंपू नेमाने जमत असेल तरच तो खर्च करा. दोघांना साधा ॲनालॉग पुरे.

वेगाचं म्हणाल तर १:३२ ची गाडी सेकंदाला तीन मीटर गेली तर प्रत्यक्षात ताशी ११ किलोमीटरसुद्धा होत नाहीत. सायकलवाला ओव्हरटेक करेल. पण ३२ ने गुणा की झाले ताशी ३४५!

माल बहुतेक परदेशी, त्यामुळे ऑर्डर देताना आयात शुल्क आणि कुरिअर धरूनच हिशेब करा. सुट्टीवर येणाऱ्या चुलतभावाकडून मागवत असाल तर त्याला आधीच सांगा, की ॲडॉप्टरवर '१०० ते २४०' व्होल्ट लिहिलेलं बघून घे. अमेरिकेचं फक्त १२० वर चालणारं ॲडॉप्टर आपल्या २३० वर लावलं, की पहिल्याच रेसला धूर. ब्रिटन-जर्मनीच्या विजेचं आपल्याशी जमतं, फक्त ब्रिटिश पिन आपल्या सॉकेटमध्ये जात नाही.

एकदा खेळ सुरू झाला की त्याची खरी शत्रू म्हणजे धूळ. जमिनीवर ट्रॅक टाकला की केस आणि कापडाचे धागे चाकांच्या दांड्यांना गुंडाळले जातात आणि गाडी मंदावते. चिमट्याने ते काढायचे, टायर चिकटपट्टीवर फिरवून स्वच्छ करायचे, गिअरला तेलाचा अर्धा थेंब. अर्धाच! आणि जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ट्रॅकच्या साध्या पोलादी पट्ट्यांवर गंज धरतो, मग गाडी धक्के खात चालते. कॅरेराच्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या असल्याने तिथे ही काळजी कमी. बाकीच्यांनी ट्रॅक कोरड्या फडक्याने पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून ठेवावा. ओलं फडकं मात्र चुकूनही नको. मावशींनाही आधीच सांगून ठेवा.