परसबाग आणि ट्राउट मासा : उतरत्या उन्हाळ्याचे दोन छंद

छंद हा रिकाम्या वेळाचा सोबती खरा. परंतु चांगला छंद विरंगुळ्याबरोबर मनाला संयमही शिकवितो. अमेरिकेंतील माँटॅना संस्थानांत उन्हाळ्याच्या अखेरीस अनेक कुटुंबें ज्या दोन छंदांत रमतात, ते याचें चांगलें उदाहरण होत. पहिला परसबागेचा आणि दुसरा गळानें ट्राउट मासा धरण्याचा.

माँटॅना हा रॉकी पर्वताच्या कुशींतला, कॅनडाच्या सीमेस लागून असलेला मुलूख. ऑगस्ट महिन्यांत आपल्याकडे श्रावणसरी येतात, तेव्हां तेथें कोरडें ऊन तापत असतें. रात्री मात्र गार असतात. सप्टेंबरांत, आणि उंच खोऱ्यांत क्वचित् त्यापूर्वींही, दंव गोठून कोंवळीं झाडें करपतात. म्हणून तेथील बागवानाचें एक लक्ष मातीकडे, तर दुसरें आकाशाकडे असतें. रात्र फार थंड होण्याचा रंग दिसला, कीं तो टमाट्यांच्या झाडांवर जुन्या चादरी पांघरतो. दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब त्यामुळें आंत राहते. किंचित् रंग चढलेलीं फळें घरांत ठेवूनही पिकतात. गाजरास मात्र थंडी मानवते. गोठण्यापासून बचाव व्हावा म्हणून तें आपल्या पिष्टाची साखर करतें आणि अधिक गोड लागतें.

आतां नदीकडे वळूं. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यांतील मासा. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु तो कल्ल्यांवाटे घेतो. पाणी १० अंश सेंटिग्रेड असतां एका लिटरांत सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. २० अंशांवर तो ९ मिलिग्रॅमच राहतो. उलट पाणी तापलें कीं माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे जेव्हां मागणी अधिक, तेव्हांच पुरवठा कमी! अशा वेळीं गळाशीं झुंजून थकलेला मासा पुन्हां पाण्यांत सोडला तरी पुष्कळदां मरतो. सोडणाऱ्यास मात्र आपण दया केली असेंच वाटतें.

यासाठीं तेथें एक नियम रूढ झाला आहे. नदीचें पाणी लागोपाठ तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारें २३ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें, कीं त्या भागांत दुपारीं दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासे धरण्यास बंदी करण्यांत येते. या बंदीला लोक घुबडाच्या नांवानें ओळखतात. कारण पूर्वीं उन्हाळ्यांत लांकूडतोडे घुबडें घुमत असतांना, भल्या पहांटे कामास लागत. मासेमारही तसाच पहांटे निघतो. पिसें व दोरा यांचा कृत्रिम नाकतोडा गळास बांधून तो प्रवाहावर टाकतो. कारण या दिवसांत गवतांतून पाण्यांत पडणारे नाकतोडे ट्राउटला फार आवडतात. बागेचा शत्रु तो नदींतली मेजवानी!

या दोन छंदांना जोडणारा धागा पाण्याचा आहे. डोंगरावरील बर्फ वितळून गेल्यावर नद्या रोडावतात आणि त्याच वेळीं शेतांना व बागांना पाणी अधिक लागतें. उथळ पाणी लवकर तापतें. म्हणून वाफ्यावर वाळल्या गवताचें आच्छादन घालून सकाळींच शिंपण करणारा बागवान पाणी वांचवितो. जेथें बागेचें पाणी नदींतूनच येतें, तेथें अशी बचत पुष्कळांनीं केली तर माशांचाही त्यांत वांटा राहतो.

हिंदुस्थानांतही ट्राउट आहे. १९०० सालीं त्याचीं अंडीं ब्रिटनमधून काश्मिरांत आणण्यांत आलीं. निलगिरीच्या थंड ओढ्यांतही तो पुढें रुजला. महाराष्ट्रांतील नद्यांचें उष्ण पाणी त्याला सोसणारें नाहीं. परंतु प्राणवायूचा नियम येथेंही तोच. वैशाखांत आटत्या डोहांतील मासे पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडतात, तें खेळणें नसून गुदमरणें असूं शकतें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरीं चार कुंड्या असोत वा मोठें परस असो, त्यांतील मातीवर येत्या उन्हाळ्यांत पालापाचोळा पसरून पहा व शिंपणाचें पाणी किती वांचतें तें वहींत टिपून ठेवा. पालकांनींही या प्रयोगांत मुलांस साथ द्यावी. केव्हां घ्यावें हें पुष्कळांस कळतें. केव्हां थांबावें हें ज्याला कळलें, त्याचाच छंद सृष्टीला भार होत नाहीं.