शाळिग्रामातील शंख आणि आपला काळा पाषाण

लोणारची सहल करून परतलेला विद्यार्थी हमखास विचारतो : हिमालयातल्या दगडांत शंख सापडतात, मग आपल्या काळ्या दगडात का नाहीत?

नेपाळातील काळी गंडकीच्या पात्रातला शाळिग्राम अनेकांना ठाऊक आहे. हा काळा गोटा फोडला असता पुष्कळदा आत वलयाकार कवच दिसते. काही धर्मग्रंथांनी स्त्रियांना व शूद्रांना त्याच्या स्पर्शाचीही मनाई केली होती. आज त्यांच्याच लेकरांनी तो भिंगाखाली धरून पाहावा, असे आम्हांस वाटते. तथागतांचे ‘एहि पस्सिको’ याहून वेगळे काय सांगते?

ते कवच अ‍ॅमोनाइट या सागरी प्राण्याचे. ब्लॅनफोर्डिसेरास हा त्यांतील एक वंश, जुरासिक काळाच्या अखेरीस, सुमारे १४.५ कोटी वर्षांपूर्वी टेथिस समुद्रात वावरणारा. कवचावरील ठळक कंगोरे बाहेरच्या कडेकडे जाताना दुभंगतात, ही त्याची खूण. दिसावयास गोगलगाय, पण नाते माकूळ व अष्टपादाशी. कवचात पडदे घालून कप्पे केलेले. सर्वांत बाहेरच्या कप्प्यात प्राणी स्वतः राही. मागच्या कप्प्यांत वायू असे व त्यांतून जाणाऱ्या बारीक नळीच्या योगे तो तरंगण्याचा तोल सांभाळी. मेल्यावर कवच तळच्या चिखलात रुतले, चिखलाचा खडक झाला. पुढे भारतीय भूखंड आशियास भिडला आणि तो सागरतळ वर उचलला गेला. म्हणून स्पितीतील लांगझा या बौद्ध गावाच्या परिसरात, सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, असे जीवाश्म मिळतात. तेथील भव्य बुद्धमूर्तीसमोर उभे राहिलेल्या माणसाच्या पायांखाली एके काळचा समुद्र असतो!

बुलढाण्याचा खडक बहुतांशी लाव्हारसाचा, म्हणजे बेसाल्टचा. उकळत्या रसात कवच टिकत नाही. विदर्भात जीवाश्म नाहीतच असे मात्र नव्हे. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचत. नागपूरजवळ टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप यांना एकोणिसाव्या शतकात अशाच थरांत गोड्या पाण्यातील गोगलगायी सापडल्या.

आपला हा लाव्हा वाहिला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि जगातील अखेरचे अ‍ॅमोनाइटही त्याच सुमारास संपले. मेक्सिकोत कोसळलेला लघुग्रह त्याचे मुख्य कारण मानला जातो. दख्खनच्या उद्रेकांचा वाटा किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. लोणारचे विवर घडविणारा आघात मात्र वेगळा. तो या लाव्ह्याचा खडक होऊन गेल्यानंतर फार उशिरा झाला. मुले या दोहोंची नेहमी गल्लत करतात.