वीस ग्रॅम तूरडाळ

ज्या दिवशी शाळेत वरण-भात असतो त्या दिवशी साडेदहाच्या सुमारास मी डाळ मोजायला बसते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ धरलेली आहे, सहावीपासून 150 आणि 30. कंधार तालुक्यातली आमची शाळा चौथीपर्यंतची, पटावर 62 लेकरं. सगळी आली तर 1 किलो 240 ग्रॅम डाळ लागते. वीस ग्रॅम म्हणजे माझ्या मुठीत सैल बसेल एवढी. ताटात ती वरण होऊन येते तेव्हा दुसरीतली एक मुलगी आधी भाताचं आळं करते, मधोमध वरण ओतून घेते आणि कडेकडेनं खात आत जाते. शेवटचा घास वरणाचा राहावा म्हणून तिची ही खटपट. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ती ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. येते तेव्हा तिचे गाल बसलेले असतात.

भातात जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते भातात. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतलं लायसिन तांदळात, ज्वारीत, गव्हात तोकडं. तुरीत ते भरपूर. आपल्या आज्यांना हे नाव ठाऊक नव्हतं, पण भाकरीबरोबर वरण किंवा पेंडपाला हवाच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मटण-अंडी ज्यांना रोज परवडत नाहीत त्यांच्या अंगात मांस धरतं ते या वीस ग्रॅममधून. म्हणून देश अन्नात स्वयंपूर्ण झाला असं कुणी म्हटलं की मी गव्हातांदळाचं कोठार बघत नाही, डाळीचं पारडं बघते.

माझं माहेर निलंगा तालुक्यातलं. बोरसुरीचं शिवार आमच्यापासून फार लांब नाही. त्या गावच्या तूरडाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि लेकीचं कौतुक व्हावं तसा आनंद आम्हा सगळ्यांना झाला. आमच्या लहानपणी डाळ घरीच व्हायची. शिवरात्रीच्या आगेमागे माय तूर चाळून रात्रभर भिजत घालायची. सकाळी उपसून तिला तांबडी माती चोळायची, ढीग करून पोत्यानं झाकायची आणि मग दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरायची. मातीनं टरफल सुटतं. वाळली की माती चाळून काढायची आणि जात्यावर भरडायची. खुंटा धरायला मायबरोबर मी बसायचे. जातं हलकं ओढावं लागतं, जोर दिला की डाळीचा चुरा होतो. सुपात पाखडताना टरफल पुढं उडायचं, चुणी मागं राहायची, ती म्हशीला. न फुटलेले गोटे निवडून पुन्हा जात्यात. शेवटी बोटाला एरंडेल लावून डाळीवरून हात फिरवायचा आणि डेऱ्यात भरायची. वर्षभर आमटीची चिंता नसायची.

आता तेच काम लातुरात शेकडो कट्ट्यांनी होतं. लातूर हे डाळमिलांचं गाव. तुरीच्या सौद्यात इथं निघणाऱ्या भावाकडे आजूबाजूच्या जिल्ह्यांचे कान लागलेले असतात. काही वर्षांमागे नात्यातल्या एका हमालदादांबरोबर मी एक मिल आतून पाहिली. एमरीच्या रोलरांवर तूर घासली जाते, तेलाचा हात लागतो, उन्हात पडते, पाणी मारून पुन्हा भरडली जाते. पद्धत मायचीच, फक्त जात्याच्या जागी यंत्रं. एका भिंतीला थप्पी लागली होती. पोत्यांवरची अक्षरं मला वाचता येईनात. हमालदादा म्हणाले, “ही गजरी हाय ताई, मोझांबिकची. ती पल्याडची अरुषा, टांझानियाची. आन् लेमन बर्माची.” नावं त्यांना पाठ होती, कारण ही पोती त्यांनीच पाठीवर उतरवलेली. मी तिथंच उभी राहिले. तुरीच्या मुलखात, तुरीच्या गावात, आफ्रिकेतून तूर येत होती.

जगात सर्वांत जास्त डाळी पिकवतो आपणच, खातोही आपणच आणि बाहेरून आणतोही आपणच. देशात तूर पिकते साधारण 35 लाख टन. 2024-25 मध्ये बाहेरून आली ती 12 लाख टनांच्या घरात. सगळ्या डाळी मिळून त्या वर्षीची आयात 70 लाख टनांच्या वर गेली. असं का व्हावं? रान आहे, बियाणं आहे, राबणारे हात आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रानं मर आणि वांझ रोगाला दाद न देणारं बीएसएमआर-736 दिलं, पावसानं लवकर पाठ फिरवली तरी हाती लागणारं बीडीएन-711 दिलं. मग अडतंय कुठं?

या प्रश्नाचं उत्तर मला अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून मिळालं. 1972 च्या दुष्काळात ते खडी फोडायला जात. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळायची. त्या भाकरीचा वास ते म्हातारपणीही विसरले नाहीत. “लोकाच्या दाण्यावर जगलो,” एवढंच म्हणायचे आणि गप्प बसायचे. ती लाज देशालाही त्याआधीच वाटली असणार. 1965 च्या जानेवारीत अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग दोन्ही उभे राहिले होते. गहू-तांदूळ पेरा, ठरल्या भावानं आम्ही घेतो, असं सरकारनं शेतकऱ्याला सांगितलं आणि पंजाब-हरियाणात ते पाळलं. नवं बियाणं, पाणी, खत हे सगळं होतंच. पण बियाण्याच्या मागं घेणारा उभा होता म्हणून ते रानात टिकलं. आज गहू-तांदळाला कोठारं पुरत नाहीत. डाळीला तसा घेणारा कधी भेटलाच नाही. हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, पण जाहीर होणं वेगळं आणि माप होऊन पैसे हातात पडणं वेगळं.

उसाचंही गहू-तांदळासारखंच. मांजरा नदीच्या काठचा शेतकरी पाणी संपत आलं तरी ऊस का लावतो, म्हणून शहरातली माणसं चिडतात. चिडण्याआधी त्याच्या जागी उभं राहून बघावं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानं कारखान्यानं ऊस घ्यायचा आणि चौदा दिवसांत पैसे द्यायचे, असं बांधून दिलंय. पैसे लांबतात, भांडणं होतात, पण घेणारा आहे. एक किलो साखरेमागं दोन हजार लिटरहून जास्त पाणी जातं हे शेतकऱ्यालाही कळतं. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली आणि ऑगस्टपर्यंत शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. कृष्णेचं पाणी 340 किलोमीटरवरून मांजरेच्या गावाला. माझी मावशी लातुरात राहते. त्या उन्हाळ्यात ती डाळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायची आणि तांदूळ धुतलेलं पाणी आमटीत.

तूर पाणी मागत नाही. तिचं सोटमूळ काळ्या रानात माणसाच्या उंचीएवढं खाली जातं आणि पावसाळा संपल्यावरही तिथली ओल ओढत राहतं. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, गळालेला पाला जमिनीला खत होतो. युरियाचं पोतं जवळपास वाचतं. युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून आणि आपल्याला लागणारा निम्मा वायू जहाजांनी परदेशातून येतो. तूर पेरली की रात्री दोनला लाइट आल्यावर मोटार चालू करायला साप-विंचवातून जावं लागत नाही, आणि बाहेरचा वायूही कमी लागतो. अन्न, पाणी आणि ऊर्जा या तिन्ही गोष्टी या एका झाडात एकत्र येतात, म्हणून मी तिच्याविषयी एवढं बोलते. शिवाय तुराट्या. माहेरी कुडाच्या भिंती तुराट्यांच्या, कणगी तुराट्यांची, खराटा तुराट्यांचा आणि चुलीतलं जळणही तेच. मायचे डोळे त्या धुरानं गेले, त्यामुळं चुलीचे गोडवे मी गाणार नाही. गॅस आला ते चांगलंच झालं. पण त्या गॅसपैकीही निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, हे ध्यानात ठेवायला हवं.

घेणारा नसला की काय होतं ते माझ्या भावानं भोगलंय. 2015 च्या दिवाळीत तूरडाळ 200 रुपये किलोवर गेली. देशभर ओरड झाली. सरकारनं सांगितलं, तूर पेरा. 2016 च्या जुलैमध्ये मोझांबिकशी करारही झाला, तिथून तूर आणायचा. त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि शेतकऱ्यांनी देशाचं ऐकलं. आदल्या वर्षी 25 लाख टनांच्या आसपास असलेलं उत्पादन 48 लाख टनांवर गेलं. एका हंगामात जवळजवळ दुप्पट! स्वयंपूर्णता म्हणतात ती याहून वेगळी काय असते? हमीभाव होता क्विंटलला 5,050 रुपये. बाजारात भाव पडत गेला. भाऊ ट्रॅक्टर घेऊन एका खरेदी केंद्रापुढं रांगेत लागला. पुढं दीडशे वाहनं. बारदाना संपला, काटा बंद. चार दिवस, चार रात्री तो पोत्यांवर झोपला. वहिनी रोज भाकरी बांधून पाठवायची. पाचव्या दिवशी ट्रॅक्टरचं भाडं परवडेना म्हणून व्यापाऱ्याला 3,800 नं घालून आला. घरी येऊन त्यानं टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, “ताई, मोझांबिकला करार हाय, मला न्हाई.”

पुढच्या वर्षी त्यानं तुरीची तासं मोडून सगळं सोयाबीन केलं. शंभर दिवसांत मोकळं होतं, मागं हरभरा घेता येतो. तूर जूनपासून जानेवारीपर्यंत रान अडवून बसते. फुलोऱ्यात धुकं पडलं की फुलं गळतात, ढगाळ हवेत अळी शेंगा पोखरते, राहिलं तर रानडुकरं. एवढी जोखीम घेऊन वर भावाचा भरवसा नाही. मे 2021 पासून आयात मोकळी झाली. 2023 च्या अखेरीस तूर 10 हजारांच्या पुढं गेली तेव्हा भावाकडं घरच्यापुरती दोन पोती होती. पुन्हा पेरली, तर 2025 च्या हंगामात हमीभाव 7,550 आणि बाजार त्याच्याही खाली. शहरातल्या बाईला डाळ स्वस्त मिळावी हे मलाही हवंय, माझ्याही शाळेत तीच डाळ शिजते. पण भाव चढला की बंदराचं दार उघडायचं आणि पडला की शेतकऱ्याच्या दारात कुणी जायचं नाही, असं वर्षानुवर्षं चाललं तर तूर पेरणारा हात आखडणारच.

11 ऑक्टोबर 2025 ला केंद्रानं डाळींच्या आत्मनिर्भरतेचं अभियान सुरू केलं. 11,440 कोटी रुपये, 2030-31 पर्यंत देशात 350 लाख टन डाळी, आणि नोंदणी केलेल्या शेतकऱ्याची तूर, उडीद, मसूर चार वर्षं सगळीच्या सगळी घेण्याचा शब्द. 2025-26 च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव होता 8,000. मला या सगळ्यात आकड्यांपेक्षा तो शब्द महत्त्वाचा वाटतो. तो पाळायचा तर बारदाना जानेवारीत लागतो, काटा दहा-पंधरा गावांमागं एक लागतो आणि पैसे पुढच्या पेरणीच्या आत खात्यात लागतात. पहिल्या दोन वर्षांत हे झालं तर तिसऱ्या वर्षी तूर पेरा असं सांगायला कुणाला गावात यावं लागणार नाही.

त्या अभियानाच्या आधीच्या दोन महिन्यांत मराठवाडा पाण्याखाली होता. ऑगस्टमध्ये मुखेडकडं ढगफुटीसारखा पाऊस झाला, गावात पाणी शिरून माणसं गेली. सप्टेंबरमध्ये लातूर, नांदेड, धाराशिव, बीड सगळीकडं नद्यांनी काठ खरवडून नेले. ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्याच लातूरच्या रानात तूर उभ्यानं मेली. तुरीच्या मुळाला श्वास लागतो. तीन दिवस पाणी साचलं की पानं पिवळी पडून झाड मान टाकतं. भावाच्या पाच एकरांपैकी खालची दोन एकर अशीच गेली. वरच्या मुरमाड तुकड्यातली तूर वाचली. वहिनीनं दीड महिन्याची असताना तिचे शेंडे विळ्यानं खुडले होते, त्यामुळं फांद्या भरपूर फुटल्या होत्या.

येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, मी माहेरी गेले. शिवारात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत पांडव मांडलेले, भोवती सगळं गणगोत. भज्जीत घरच्या तुरीचे ओले दाणे, घरचा हरभरा, घरचे वाल. मडक्यात घरच्या ज्वारीची आंबील. मीठ तेवढं विकतचं होतं. जेवणं झाल्यावर भाऊ फोन घेऊन माझ्याजवळ बसला, खरेदीची नोंदणी भरायची म्हणून. आधार झालं, सातबारा झाला, पीकपाहणी झाली. मग रकाना आला, किती क्विंटल देणार.

भाऊ उठला. जवळच्या झाडाची एक शेंग तोडून त्यानं नखानं उलगडली. चार दाणे निघाले, टपोरे. ते त्यानं भाचीच्या हातावर ठेवले. बांधावर उभं राहून वरचा तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला, मग खालचं मेलेलं रानही बघितलं.

“लिही, सात,” तो म्हणाला.