हरवलेली पुरी

आमचे राणीसावरगाव बालाघाटच्या डोंगराळ भागात वसलेले आहे. येथून समुद्र शेकडो मैल दूर. गावातील कित्येक मुलांनी तो अजून पाहिलेलाही नाही. परंतु समुद्राच्या पोटात गडप झालेल्या नगरांच्या गोष्टी मात्र त्यांना फार आवडतात. मी शाळेतून निवृत्त झालो, तरी सायंकाळी रेणुकादेवीच्या देवळाकडे फिरावयास निघालो म्हणजे दोनचार मुले बरोबर येतातच. एके दिवशी त्यांतील एकाने विचारले, "गुरुजी, अटलांटिस नावाचे बेट खरोखरच होते का हो?"

प्रश्न चांगला होता आणि त्याचे उत्तर एका शब्दात देण्यासारखे नव्हते.

अटलांटिसची कथा प्लेटो या ग्रीक तत्त्ववेत्त्याने सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहून ठेवली. भूमध्य समुद्राच्या पश्चिम मुखापलीकडे एक विशाल बेट होते. तेथील राजे बलाढ्य होते. पुढे ते उन्मत्त झाले आणि भूकंप व जलप्रलय होऊन अवघ्या एका दिवसरात्रीत ते बेट समुद्रात नाहीसे झाले, अशी ती कथा. सोलोन नावाच्या ग्रीक मुत्सद्द्याच्या काळापूर्वी ९००० वर्षे हे घडले, असे प्लेटो सांगतो. बेटावरील कालव्यांची लांबीरुंदीसुद्धा त्याने दिली आहे! एवढी रेखीव मापे पाहून वाचकास वाटते की, हे सारे कल्पनेने कोण रचील? पण कुशल कथाकार नेमके हेच करीत असतो. प्लेटोच्या पूर्वीच्या एकाही ग्रंथात या बेटाचा उल्लेख आढळत नाही. पुढे अटलांटिक महासागराच्या तळाचे नकाशे तयार झाले. त्यांतही असा बुडालेला भूखंड दिसून आला नाही. म्हणून, सत्तेने माजलेल्या राज्याची गती काय होते हे शिकविण्यासाठी प्लेटोने ही कथा रचली असावी, असे बहुतेक विद्वान मानतात.

हे ऐकून त्या मुलाचा चेहरा उतरला. मी म्हटले, "अरे, थांब. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरची एक नगरी अशीच हरवली आहे. आणि ती मात्र खास होती."

कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात ऐहोळे नावाचे गाव आहे. तेथील मेगुती या जैन मंदिराच्या भिंतीवर एक संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. तो शके ५५६ मधील, म्हणजे इ. स. ६३४ च्या सुमाराचा. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचे पराक्रम रविकीर्ती नावाच्या कवीने त्यात वर्णिले आहेत. त्यावेळी कोकणात मौर्य नावाचे राजे राज्य करीत. पुलकेशीने त्यांचा पराभव केला आणि शेकडो जहाजांनिशी पुरी नगरीला वेढा घातला, असे रविकीर्ती सांगतो. त्या नगरीला तो पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणतो, आणि ती जहाजे त्याला मत्त हत्तींसारखी भासतात.

आता, राजकवीच्या शब्दावर विश्वास ठेवावा काय? जहाजे खरोखर शेकडो होती की वीस-पंचवीस, हे सांगणे कठीण. धन्याचा पराक्रम वाढवून सांगणे हे तर त्याचे कामच. परंतु जिंकलेले नगरच तो कल्पनेने निर्माण करू शकत नाही. ज्यांनी ती लढाई केली, ते सैनिक आणि सरदार अजून हयात होते. त्यांच्यासमोर नसलेल्या शहराचे नाव घेतले असते, तर कवीचे हसे झाले असते. शिवाय दुसराही साक्षीदार आहे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत शिलाहार राजा पुल्लशक्ती याच्या काळचा, इ. स. ८४३ च्या सुमाराचा लेख आहे. त्यात कोकणचे मुख्य स्थान म्हणून पुरीचेच नाव येते. शिलाहारांच्या पुढील ताम्रपटांतही ते भेटते. म्हणजे चालुक्यांच्या वेढ्यानंतर दोनशे वर्षांनीही ही नगरी नांदत होती.

मात्र ती होती कोठे, याविषयी विद्वानांत अजून एकमत नाही. अटलांटिसचे सारे वर्णन आहे, पण पुरावा नाही; पुरीचा पुरावा आहे, पण पत्ता नाही!

कित्येकांचे मत असे की, मुंबईच्या बंदरातील घारापुरी बेट हीच ती पुरी. काही वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन मी तेथे गेलो होतो. गलबत हलू लागताच आमची डोंगरातील मुले एकमेकांचे हात घट्ट धरून बसली. पण बेटावर पाऊल ठेवताच त्यांची भीती पळाली. तेथील महेशमूर्तीसमोर उभे राहिल्यावर मात्र सगळी आपोआप गप्प झाली. ही लेणी सहाव्या शतकाच्या सुमारास, म्हणजे पुलकेशीच्या स्वारीपूर्वी कोरली गेली असावीत. त्याच शतकातील कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी या बेटावर मिळाली आहेत. बेटाच्या पूर्व भागात विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत, आणि मोराबंदरच्या बाजूस रोमन कुंभांची खापरेही सापडली आहेत. ज्या बंदराला रोमचा माल येत होता, ते लहानसहान खासच नव्हे.

तरीही शंका उरते. बेटाचे क्षेत्रफळ ओहोटीच्या वेळीसुद्धा सुमारे १६ चौरस किलोमीटर, आणि त्यातही बराच भाग डोंगराचा. येथे राजा, सैन्य, बाजारपेठ आणि प्रजा कशी मावली असेल? राजधानीला शोभेल असा वाडा किंवा तट तेथे मिळालेला नाही. म्हणून दुसरे काही विद्वान रायगड जिल्ह्यात मुरुडजवळ, जंजिऱ्यासमोर असलेल्या राजपुरीकडे बोट दाखवितात. तिची खाडी गलबतांना सुरक्षित आहे आणि नावही जुळते. पण नावावर किती भरवसा ठेवावा? 'पुरी' म्हणजे नुसते नगर. आमच्याच गावाचे पाहा ना! सावरगाव नावाची गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. नुसते 'सावरगाव' लिहून पत्र पेटीत टाकले, तर ते कोणत्या गावी जाईल?

या वादाचा निकाल कदाचित एका दगडाने लागला असता. १५३४ मध्ये हा प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती गेला. बेटाच्या धक्क्याजवळ एक भव्य दगडी हत्ती होता, त्यावरून त्यांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले. लेण्याच्या दाराशी एक कोरीव शिलालेखही होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला. तेथे कोणालाही तो वाचता आला नाही, असे दिओगो दो कूतो या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पुढे तो शिलालेख नाहीसा झाला. हत्ती तरी निदान शिल्लक आहे. १८६४ मध्ये तो विलायतेला नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा कोसळून त्याचे तुकडे झाले. ते पुन्हा जोडून तो मुंबईत भायखळ्याच्या बागेजवळ उभा केलेला आहे. परंतु त्या शिलालेखावर कोणत्या राजाचे आणि कोणत्या नगरीचे नाव होते, हे आता कोण सांगणार? लेणी कोणी कोरविली याबद्दल विद्वान आजही वाद घालतात. हे आठवले की मला त्या दगडाची फार हळहळ वाटते.

"म्हणजे पुरी बुडाली नाही?" मुलाने विचारले.

नगरी हरवण्यासाठी ती बुडावीच लागते असे नाही. खाडीत गाळ साठतो, मोठी गलबते दुसऱ्या बंदराला लागू लागतात, व्यापारी त्यांच्यामागून जातात. राजाचा मुक्काम हलतो. घरे पडतात, त्यांचे दगड नव्या घरांना लागतात. मग नाव तेवढे ताम्रपटात राहते. आपल्या मराठवाड्यातील तेरचेही असेच झाले होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासग्रंथात, पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर आहे, असे लिहिले होते. पण तगर कोणते? कोणी जुन्नर म्हणत, कोणी धारूर. अखेर १९०१ च्या सुमारास फ्लीट या संशोधकाने ते तेर असल्याचे दाखवून दिले, आणि पुढे तेथील उत्खननांत त्या काळची खापरे, मणी व मूर्ती निघाल्या. तेरचे शेतकरी मात्र पिढ्यान्पिढ्या त्याच मातीवर वावरत होते. जुन्या वस्तीच्या मातीला आपण 'पांढर' म्हणतो. पडलेल्या भिंती, राख आणि उकिरडे यांचे थर वर्षानुवर्षे साचून ती माती तयार होते. नांगराच्या फाळाला खापर लागले की शेतकऱ्याला लगेच कळते की येथे कधी काळी गाव होते.

पुरीची पांढर अजून कोणाच्या फाळाला लागलेली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो, तेव्हा भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशात कोकण किनाऱ्यावर पेन्सिलीने काढलेली दोन प्रश्नचिन्हे दिसली. एक घारापुरीजवळ, एक मुरुडजवळ. शिपाई खोडरबर घेऊन आला होता. मी त्याला ती राहू दे म्हटले.